मचाणावरचा कोच

डब्लिनला माझ्या अपार्टमेंटमागे एका छोट्या कॉलेजचं फुटबॉलचं मैदान आहे. बाकीचे कोच खाली पोरांवर ओरडत असतात. हा एकटा लोखंडी मचाणावरून प्रॅक्टिसचं शूटिंग करतो. संध्याकाळी चालायला गेलो की मी हात हलवायचो, तो टोपीला बोट लावायचा. एवढीच ओळख.

मध्ये चार दिवस मी तापाने फणफणलो होतो. काम घरूनच, लॅपटॉप चालू ठेवला होता, त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ताच नव्हता. आईला मुद्दामच सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी मला पाहून तो पहिल्यांदाच शिडी उतरला आणि कुंपणापाशी आला.

"चार दिवस दिसला नाहीस. बरा आहेस ना?"

मी चकित झालो. "तुमच्या लक्षात आलं?"

"वरून शूटिंग करताना," तो म्हणाला, "जागेवर कोण नाही, तेच आधी दिसतं."