वरचा दोरा आखूड

बंद खोलीतल्या कापसाचा वास आला की मला लग्नानंतरची पहिली संक्रांत आठवते आणि डोकं अजून तापतं. त्या वर्षी कापसाची खरेदी रखडली होती, महागावातलं आमचं घर छतापर्यंत कापसानं भरलेलं, म्हणून आम्ही सगळे गच्चीवर. अंगावर काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार, आणि वारं असं की पदर आवरेना. माहेरी वडिलांनी शिकवली तशी मी पतंगाला मांजा जोडायची कन्नी बांधली, वरचा दोरा आखूड अन् खालचा लांब, म्हणजे जोराच्या हवेत पतंग गरगरत नाही. नवऱ्यानं ती सगळ्यांसमोर सोडली. "तुले काय समजते यातलं? मांजाची चक्री धर." त्यांनी दोन्ही दोरे सारखे बांधले. पतंगानं गिरक्या घेतल्या आणि शेजारच्या टिनांवर आपटून फाटला. "हिनं चक्री अडवली," ते म्हणाले, आणि सासूबाईंनी मान डोलावली. मी उरलेला मांजा चक्रीवर गुंडाळला. यंदा संक्रांतीला ते नातीला शिकवत होते, "हवा जोराची असली का वरचा दोरा आखूड ठेवावा, बाई. मी लहानपणापासून असाच बांधतो." मी हातातली चक्री खाली ठेवली. म्हटलं, "धरा आता तुमची तुम्हीच."