खाऱ्या पाण्यातली तहान

पल्याडच्या बुढ्याला 'हो' म्हणायचं असलं की तो तोंड उघडत नसे, दोन्ही भुवया वर उचलायचा. 'नाही' असलं की नाक आक्रसायचा. अलास्कातल्या त्या समुद्राकाठच्या गावात त्याचे सगळेच लोक तसं करतात, पण ह्याच्या भुवया पांढऱ्याशुभ्र आणि दाट, रस्त्याच्या पलीकडूनही दिसायच्या. मला इंग्रजी येत नाही. शाळा चौथीत सुटली आणि पुढचा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेला. मुलगी सुनंदा तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून म्हातारपणी तिच्याकडे येऊन राहिलो. ह्या मुलखात मला धड समजलेली पहिली भाषा म्हणजे त्या बुढ्याच्या भुवया.

ओळख झाली ती मात्र वाकडी. समुद्रावरचा बर्फ फुटायला लागला होता आणि एक दिवस तो आमच्या दारात भगोणं घेऊन उभा. आत काळंलाल मांस, त्यावर चरबीची जाड पट्टी. मी विचारलं, "कायले आणलं हे?" माझी नात यशू त्याच्याशी बोलली. तिनं सांगितलं की हे सीलचं मांस आहे. सील म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचं, मिशा असलेलं समुद्रातलं जनावर. त्या वर्षीचं पहिलं सील मारलं की ते घरात ठेवायचं नाही, गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, अशी त्यांची रीत.

आता मी माझ्या बापाला मेलेलं ढोर ओढताना पाहिलं आहे. त्या कामाचा वाटा म्हणून दारात टाकलेलं मांसही पाहिलं आहे. आम्ही ते सोडलं ते पोट भरलं म्हणून नाही, मान पाहिजे म्हणून सोडलं. दारात आलेलं मांस मी हातात घेत नाही. यशूला म्हटलं, सांग त्याला, आम्ही घेत नसतो. यशू अंडंसुद्धा खात नाही, तिनं खुशीनं सांगितलं. मी बरोबरच केलं, आजही म्हणेन. बुढ्यानं भुवया उचलल्या, भगोणं झाकलं आणि निघून गेला. थोड्या दिवसांनी परत आला तो सुकी मासळी घेऊन. मासळी वर धरून नुसतं माझ्याकडे बघत राहिला. मग मीच भुवया उचलल्या. तेव्हा तो असा हसला, की त्याला पुढचे दात नव्हते हे मला त्या दिवशी कळलं.

मग तो आमच्या पायरीवर येऊन बसू लागला. माझा दुधाचा चहा पिऊन म्हणायचा, हे सूप चांगलं आहे. मी थंडीला शिव्या दिल्या की म्हणायचा, दे, तिला मराठी येत नाही. त्याचं इंग्रजी मोजकं, माझं त्याहून मोजकं, अडलं की यशू होतीच. ती अमेरिकेतल्याच मॉरिसव्हिल गावी जन्मलेली, मराठी सगळं समजतं पण बोलताना तोंडातून निम्मं इंग्रजी येतं. बुढा तिला आवडायचा आणि त्याची बंदूक आवडायची नाही. मी रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यातलं पहिलंच आहे की जीव घेऊ नये. एकदा मी यशूला मध्ये घालून त्याला सरळ विचारलं, तुला मारताना काही वाटत नाही का?

त्यानं समुद्राकडे बघितलं. मग म्हणाला, "वाटतं. ज्याला वाटत नाही त्यानं मारू नये."

पुढच्या वसंतात त्यानं सील आणलं तेव्हा मी आणि यशू किनाऱ्यावर होतो. त्याच्या लेकीनं सुरी काढली, पण बुढ्यानं तिला हातानं थांबवलं. थर्मासमधून मगात पाणी ओतलं, गुडघ्यावर बसला, मेलेल्या सीलचं डोकं डाव्या तळहातावर उचलून धरलं आणि तो मग त्याच्या तोंडाला लावला. पाणी मिशांवरून ओघळून बर्फावर पडलं. मी यशूला म्हटलं, विचार, हे काय? तो म्हणाला, "जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतं. तहानलेलं असतं. माझ्याकडे आलं, तर मी आधी गोडं पाणी द्यायला हवं."

पाण्याचं मला कोणी शिकवायला नको. आमच्या गावात आम्हाला पाणी वरून ओतत, ओंजळीत, हात लागू नये म्हणून. आणि हा माणूस स्वतः मारलेल्या जनावराचं डोकं तळहातावर घेऊन पाणी पाजत होता. त्यामुळे मारणं बरोबर झालं असं मी म्हणत नाही. पण मी टोपी काढून हातात घेतली एवढं खरं.

घोटाळा त्यानंतर झाला. त्याची लेक चिरायला बसली, बर्फ लाल झाला, तेव्हा यशूनं फोन काढला.  घरी येऊन तिनं तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. कुठली कुठली माणसं तो बघू लागली आणि बुढ्याला खुनी, रानटी, राक्षस म्हणू लागली. बुढ्याला ते त्याच्या नातवंडांनी वाचून दाखवलं.  त्यानंतर तो आमच्या पायरीवर यायचा बंद झाला, आणि त्याच्या लेकीनं सांगितलं की समुद्रावर जायचाही बंद झाला. जेवताना खिडकीचा पडदा ओढून घेतो म्हणाली.

पडद्याचं ऐकलं आणि मला माझी माय आठवली. कोणी वरच्या आळीचं आलं की ती चुलीवरच्या मडक्यावर झाकण ठेवायची.

यशू रडवेली होऊन म्हणाली, "आय डिडन्ट लाय, आबा. हे असंच झालं ना?"

"झालं तसंच," मी म्हटलं. "पण पाणी पाजलं तेव्हा तुझा फोन खिशात होता."

 व्हिडिओ तिनं काढून टाकला, पण तोवर तो लोकांनी पुढे पाठवला होता, तो काही परत येत नसतो. दुपारी मी तिला घेऊन बुढ्याच्या घरी गेलो. तो टेबलाशी एकटा जेवत होता, पडदा ओढलेला. आम्हाला बघून त्यानं ताट बाजूला सारलं. मी जाऊन पडदा उघडला, समोर बसलो आणि त्याच्या ताटाकडे बोट दाखवून म्हटलं, मला दे.

सुनंदाला नंतर हे खरं वाटेना. म्हणाली, बाबा, तुम्ही तर दारातूनच परत पाठवलं होतं. पाठवलं होतंच. दारात आलेलं मांस मी घेत नाही. कोणाच्या घरात बसून, त्याच्या ताटातलं मागून खाणं वेगळं. मांस काळं, शिजून मऊ झालेलं, सोबत वाटीत सीलचं तेल. वास आठवडाभर मिशीत राहिला. मला काही आवडलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी भुवया उचलल्या, तर हसून नाक आक्रसलं त्यानं. खोटं पकडलं माझं.

यशू दाराशीच उभी होती. सॉरी म्हणाली. बुढ्यानं तिला जवळ बोलावलं. म्हणाला, "तू भाजीच खातेस ना? खा. कोणी हसलं तर मला सांग."

तो पुन्हा समुद्रावर गेला, पण फार दिवस नाही. बर्फ आता पूर्वीसारखा धरत नाही. एकदा बर्फ फुटून तो कमरेइतक्या पाण्यात गेला, बाहेर काढला त्याला, पण थंडी फुप्फुसात बसली ती बसलीच. सुनंदाच्याच वॉर्डात होता. शेवटी शेवटी बोलणं गेलं, ओठ सुकून चिरा पडल्या. सुनंदा काडीला लावलेला ओला स्पंज ओठांवरून फिरवायची.

मी म्हटलं, "स्पंज नको. पाण्याचा मग आण."

"बाबा, ठसका लागेल त्यांना."

"मग आण, सुनंदा."

तिनं त्याच्या लेकीकडे बघितलं. लेकीनं भुवया उचलल्या. मग आणला यशूनं, नळाचं पाणी भरून. मी बुढ्याच्या कानाशी वाकून मराठीतच विचारलं, पाणी पाहिजे का? डोळे मिटलेले होते. वाटलं, ऐकू गेलं नसेल. आणि मग त्या पांढऱ्या भुवया हलल्या, सावकाश, वर.

मी डावा हात त्याच्या डोक्याखाली घातला, डोकं तळहातावर उचलून धरलं आणि तो मग त्याच्या तोंडाला लावला. थोडं आत गेलं. बाकीचं हनुवटीवरून ओघळून माझ्या बाहीत आलं. हात अवघडला तरी मी काढला नाही.