अपाकुकीचे चौदा चष्मे

माणसाने चांगलं असावं, पण अपाकुकीइतकं नाही. त्याच्या शेजारी राहून माझंच डोकं फिरायची वेळ आली आहे.

आमच्या बेटावर "केरेकेरे" म्हणून कुणी काही मागितलं की ते द्यायचं, अशी रीत आहे. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला सुटका नाही. बाकीचे आम्ही यातून शहाणे झालो. नवी कुऱ्हाड आणली की मी ती महिनाभर चटईखाली झाकून ठेवते. अपाकुकी मात्र नवी वस्तू अंगणात मांडून बसतो. त्याचा कंदील, त्याचा कोंबडा, त्याचा लग्नातला सदरा, सगळं आज गावात फिरतंय. एका रविवारी तो सदरा चर्चमध्ये त्याच्याच पुढच्या बाकावर बसला होता. हा बाबा मागून वाकून म्हणतो, "छान दिसतोय रे तुला!"

एवढं होऊन त्याच्याकडे टिकलेली चीज एकच. पाण्यात तोंड घालून मासे बघायचे चौदा चष्मे, नळ्यांसकट. जहाज आलं की पाहुणे किनाऱ्यावर उतरतात, अपाकुकी त्यांना होडीतून प्रवाळापाशी नेतो आणि चष्मे देऊन पाण्यात सोडतो. त्यावर त्याचं घर चालतं. मी तिथेच माडाखाली बसून बायकांच्या वेण्या घालते, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

हाच धंदा शेजारी त्याच्या मेव्हण्याचा, नेमानीचा. नेमानीच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, "कासव! डॉल्फिन! शार्क! दिसलं नाही तर पैसे परत!" अपाकुकी रविवारी प्रवचन करतो, त्याला खोटं चालत नाही. त्याच्या फळ्यावर दोनच शब्द, "समुद्र दाखवतो."

नेमानी म्हणजे अपाकुकीच्या बायकोचा, वासितीचा, थोरला भाऊ. आमच्यात बहीणभाऊ मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं, तो मान असतो. नव्या पोरांनी हे सोडून दिलं, पण ही दोघं जुन्या वळणाची. तीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत. मेव्हण्यांना मात्र एकमेकांची हवी तेवढी टर उडवायला मोकळीक, आणि ती ते पुरेपूर वापरतात.

तर गेल्या मोसमात जहाजावरची लोरेनबाई सांगून गेली की यापुढे जहाजाच्या यादीत आमच्या किनाऱ्याची एकच सहल राहील. पाहुणे जहाजावरच निवड करून उतरतील. यादीत ज्याचं नाव नाही त्याने होडी पालथी घालून ठेवावी. कोणाची सहल ठेवायची ते ती पुढच्या खेपेला येऊन ठरवणार होती.

ती खेप आली. जहाज नांगर टाकतंय तोच नेमानी हजर.

"काय दाजी, अजून जिवंत?"

"तुझ्या फळ्यावरचा डॉल्फिन बघितल्याशिवाय मरणार नाही मी."

"तो निघालाय, वाटेत आहे. बरं दाजी, केरेकेरे. उंदरांनी माझ्या चष्म्यांचं रबर खाल्लं, चारच उरले. तुमचे द्या."

"किती हवेत?"

"अरे किती काय विचारतोस!" मी ओरडलेच.

"असतील तितके," नेमानी म्हणाला.

अपाकुकीने आभाळाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि टोपली उचलून त्याच्या हातात दिली. वर विचारलं, "नळ्या धुतल्यात हं, पुरतील ना?"

वासिती केळ्याचे केक विकायला प्लास्टिकच्या डब्यांत भरत होती. भावाला बोलायची सोय नाही, म्हणून तिने पायाशी घुटमळणाऱ्या घरच्या डुकराला धरलं. "मेल्या, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालतोस! आजच्याच दिवशी! आईने हेच शिकवलं का तुला?" लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण नेमानी कसला लागून घेतोय! जाताना मला म्हणाला, "डुकराला आज बरं नाही वाटतं."

मग लोरेनबाई आली, वही घेऊन.

"कासव दिसेल?" तिने अपाकुकीला विचारलं.

"मंगळवारी दिसलं होतं. आज त्याचं काय मनात आहे, मला कसं कळणार?"

"शार्क?"

"एक आहे. पण भित्रा आहे बिचारा."

"पाहुण्यांना द्यायचे चष्मे कुठायत?"

"होते. दिले."

"कुणाला?"

"त्याला." अपाकुकीने नेमानीच्या रांगेकडे बोट दाखवलं. रांगेत अठरा जण होते.

बाईने वही मिटली आणि माझ्यापुढे वेणी घालून घ्यायला येऊन बसली. मी मनात म्हटलं, संपलं.

तेवढ्यात पाच म्हातारे हळूहळू वाळू तुडवत अपाकुकीकडे आले. त्यातली काठीवाली आजी म्हणाली, "आम्हाला पोहता येत नाही. पाण्यात न उतरता काही दिसेल का?"

अपाकुकीने डोकं खाजवलं आणि बायकोकडे पाहिलं. वासितीने कपाळाला हात लावला, पण पाच डब्यांतले केक काढून पानावर ठेवले आणि रिकामे डबे होडीत फेकले. पारदर्शक डबा पाण्यावर दाबून धरला की तळ स्वच्छ दिसतो. आम्ही लहानपणी काचेच्या बरणीने हेच करायचो.

होडी निघाली. डब्यांना लागलेला केकचा वास निघाला म्हणून डुक्कर निघालं. आधी वाळूतून, मग सरळ पाण्यातून, नाक वर करून, फुर्र फुर्र करत. होडीतून अशा आरोळ्या उठल्या की लोरेनबाई माझ्या हातातली वेणी सोडून उभीच राहिली.

"ते काय आहे?"

"डुक्कर," मी म्हटलं. "फळ्यावर नाहीये."

तासाभराने दोन्ही होड्या परत आल्या. नेमानीच्या अठरा जणांना सुंदर प्रवाळ दिसलं होतं, निळे मासे दिसले होते, पण कासव नाही, डॉल्फिन नाही, शार्क तर लाजून बसलेला. अठराही जण पैसे परत मागायला लोरेनबाईला घेरून उभे. पलीकडे पाच म्हातारे डब्यांसकट डुकराबरोबर फोटो काढत होते. काठीवाली आजी ज्याला त्याला सांगत होती, "त्याने काहीच कबूल केलं नव्हतं हो!"

"वर्षभर मी हेच ऐकतेय. कासव कुठंय, डॉल्फिन कुठंय," लोरेनबाई वैतागून म्हणाली. तिने वही उघडली आणि अपाकुकीचं नाव लिहिलं. मला इतका आनंद झाला की तिची उरलेली वेणी मी फुकट घातली.

जहाज गेलं. दुपारी नेमानी अपाकुकीच्या दारात आला. या वेळी थट्टा नाही. हातात यांगोनाची मुळं, ज्यांचं आमच्यात मानाचं पेय करतात; म्हणजे मागणं रीतसर होतं. तो मांडी घालून बसला, मुळं चटईवर ठेवली आणि म्हणाला, "दाजी, केरेकेरे. यादीतली ती जागा मला द्या. मला चार पोरं आहेत."

मी कुंपणाशी होते. अपाकुकीलाही तीन पोरं, आणि आता हा माणूस घरच देऊन टाकणार! "नाही" हा शब्द त्याच्या तोंडात कधी बसलाच नव्हता. ओठ हलले. हात मुळांकडे जायला लागला.

"दादा."

सगळे दाराकडे वळले. वासिती उंबऱ्यात उभी होती आणि सरळ भावाकडे बघत होती.

"दादा, हे नको मागूस. होडीवर ये, दोघं मिळून चालवा. पण हे नको मागूस."

नेमानी मान खाली घालून चटईच्या काठाचे धागे ओढत राहिला. मग म्हणाला, "आवाज अगदी आईसारखा झालाय गं तुझा."

त्याने मुळं उचलली आणि या खेपेला बहिणीच्या पायांपाशी ठेवली.

"जागा राहू दे. पण अजून बोल. केरेकेरे."

केरेकेरेला नाही म्हणता येत नाही. वासिती खाली बसली आणि तीस वर्षांचं साठलेलं बोलायला लागली. पहिला अर्धा तास नुसती खरडपट्टी होती, आणि नेमानी डोळे पुसत पुसत "हो, हो" म्हणत होता.