टाकीवरचं नाव आणि इंजिनावरचं

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा भाषणं भरपूर झाली, पाणी मात्र कुठेच नव्हतं. औशापलीकडच्या ज्या वाड्यांवर आमची संघटना काम करत होती, तिथे एसटी जात नव्हती. टँकर वाडीच्या नावाने निघायचा आणि सरपंचाच्या मोसंबीत रिकामा व्हायचा. आम्ही पायी जाऊन तक्रार लिहून आणायचो, मग कितीतरी दिवस फिरकायचो नाही. "तुमी बी पुढाऱ्यावानीच," असं तिथल्या एका मावशीने मला तोंडावर सुनावलं. ते लागलं. म्हणून मोटारसायकल हवी होती, आणि ती वाटेत बंद पडून चालणार नव्हतं.

औशात कापडाचं दुकान असलेल्या एका अप्पांकडे जुनी गाडी विकायला होती. मी आणि संघटनेतले वडीलधारे दादा बघायला गेलो. टाकीवर पत्र्याच्या पट्टीत इंग्रजी नाव. आम्ही दोघांनीही ते कधी ऐकलेलं नव्हतं.

"इम्पोर्टेड हाय," अप्पा म्हणाले. "जावयानं हैदराबादेहून आणली. अख्ख्या जिल्ह्यात अशी दुसरी न्हाई."

"म्हणूनच नको," दादा माझ्या कानाशी पुटपुटले. "परदेशी भांडवल. आणि क्लचची वायर तुटली तर लंडनला जायचं का?"

मला पटत होतं, तरी पाय निघेना. मी पत्रकं वाचत वाढले. पत्रक हातात आलं की आधी तळाची बारीक ओळ बघायची: कोणी छापलं, कुठे छापलं. मथळा काय, कोणीही काहीही देतं. मी फडक्यावर थोडं पेट्रोल ओतून घेतलं आणि दुकानासमोरच्या फरशीवर गाडीशेजारी सरळ आडवी झाले.

"अगं ए बाई, ऊठ! गिऱ्हाईक बघायलंय."

"बघू द्या, अप्पा. त्याला तिकीट नाही."

इंजिनावर तेलाचा आणि मातीचा जाड थर होता. घासत गेले तशी ओतीव अक्षरं वर आली. कंपनी आपल्याच देशातली! लातुरात निम्मे दूधवाले हीच गाडी कॅन लावून पळवायचे, आणि हिचे सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळायचे. टाकीवरची पट्टी जावईबापूंनी हौसेने ठोकलेली.

अप्पा वाकून बघत राहिले. "जावयानं मला बी शेंडी लावली की!" मग स्वतःच मोठ्याने हसले. "घरात सांगू नका बरं."

दादांचा सूरच बदलला. आता गाडी स्वदेशी होती.

मी इंजिनाला हात लावला. थंड होतं, म्हणजे पटकन सुरू व्हावी म्हणून आम्ही येण्याआधी गरम करून ठेवलेलं नव्हतं. हँडलखाली कोरलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळला. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवलं, खडखड नाही. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आधी निळसर धूर आला, मग विरळ होत गेला. साखळी ढिली होती, ती ओढून घेता येते. आमच्या गावी, हदगावला, भावाच्या गाडीवर मी चालवायला शिकले होते. दादांना मागे बसवून किल्ल्याकडचा चढ चढून आले. ते डोळे मिटून बसले होते. गाडी कुरकुरली नाही.

"आता इम्पोर्टेडचा भाव लावू नका, अप्पा."

"कशाला लावू? बोलायला तोंड ठिवलं का तू?"

गाडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरूनच वाडीवर गेले. मावशीने तक्रार सांगितली, बायांनी अंगठे उठवले. तिथून थेट लातूर. नव्या कलेक्टर कचेरीत अजून खोल्यांना पाट्यासुद्धा नव्हत्या, कारकून शोधावा लागला. अर्ज दिला, पोच घेतली आणि उन्हं कलताना परत वाडीवर आले.

मावशी पोच उलटीसुलटी करून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळत होता.

"आजच दिलास? आन् आजच परत आलीस?"

"हो."

तिने पारावर पदराने जागा झाडली. "बस मग हितं. आता रेशनचं लिही."