क्रेनवाल्याला आलेला गुण

बांधकामावरच्या उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये तो दिवसभर बसायचा, म्हणून सगळे त्याला ‘वरचा’ म्हणत. लोखंड खाली यायला उशीर झाला की मुकादम ओरडायचा, “वरच्याच्या मनात आल्याशिवाय काही मिळत नाही बाबा!” आणि खाली हशा पिकायचा.

साठीकडे झुकल्यावर त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. सारखी लागायची आणि गेलं की नुसते थेंब. शिडीवरून उतरायचं म्हणजे खाली सगळं काम ठप्प. मग त्याने कामावर पाणी पिणंच सोडलं.

“अहो, डॉक्टरांना दाखवा ना,” बायको म्हणाली.

“या वयात व्हायचंच. उगाच परक्यापुढे कपडे कुठे सोडू?”

शेवटी तिने बहिणीकडून वनौषधीच्या गोळ्या आणल्या. मेहुण्याला म्हणे त्यांनी गुण आला होता. रोज सकाळी ती गोळी तळहातावर घेऊन समोर उभी राहायची. काही दिवसांनी तिने भीतभीत विचारलं, “पडतोय का फरक?”

फरक काडीचा नव्हता. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला खरं बोलवेना.

“पुष्कळ! तुझ्या हाताला यश आहे.”

तिला आभाळ ठेंगणं झालं. शेजारणींना सांगून झालं, दुसरी बाटली आली, तिसरी आली. आता मागे कसं फिरायचं, हे त्याला कळेना.

एका दुपारी केबिनमध्येच लघवी पार तुंबली. पोट दगडासारखं झालं. सोबत्यांनी दोर बांधून त्याला खाली उतरवलं. इस्पितळात नळी घातल्यावर डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या, “गोळ्यांनी अपाय झाला नाही. पण प्रोस्टेट वाढतच राहिलं आणि लघवी तुंबून मूत्रपिंडं गेली. लवकर आला असतात, तर हे टळलं असतं.”

“पण यांना तर बरं वाटत होतं!”

त्याने मान भिंतीकडे वळवली.

“वाटत नव्हतं?” तिने हळूच विचारलं.

“तू किती खूश झाली होतीस गं.”

ती त्याच्या अंगावरची चादर उगाच सारखी करत राहिली.

क्रेन सुटली ती कायमची. आता त्याचं डायलिसिस चालतं. ती दर वेळी सोबत जाते, पाय चेपते. “आज बरंय,” तो आपणहून सांगतो. ती मान हलवते, बाहेर येते आणि नर्सला विचारते, “खरं सांगा, कसे आहेत?”