कूलर आणि कोबाल्ट

मे महिन्यात जयपूरला रसायनशास्त्र शिकवायचं म्हणजे भट्टीत बसून भट्टीवर व्याख्यान द्यायचं. विभागाच्या दाराची कडी धरली की कातडी कडीपाशी राहायची आणि आपण आत जायचो. अशा ठिकाणी आम्ही काय करत होतो, तर पदार्थ तापवत होतो. कोबाल्ट, निकेल, तांबं असल्या धातूंची संयुगं चिमूटभर घ्यायची, इवल्याशा वाटीत घालून तराजू जोडलेल्या भट्टीत सोडायची आणि तापताना वजन कसं घटतं त्याचा आलेख काढायचा. आत पाणी असेल तर ते आधी उडतं, मग बाकीचं जळतं, शेवटी धातूचा ऑक्साइड उरतो. तोच पदार्थ भरभर, मध्यम आणि हळू असा तीनदा तापवला की विघटनाला किती ऊर्जा लागते त्याचा हिशेब निघतो.

माझी विद्यार्थिनी जयपूरचीच. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळचे. तिचं मराठी मालगाडीसारखं, थांबत थांबत पण पोचायचं नक्की. आमेरकडच्या एका कॉलेजात शिकवायला तिची निवड झाली होती. अट एकच, सत्र सुरू होण्याआधी प्रबंध जमा करायचा. प्रबंध तयार होता, फक्त कोबाल्टचं एक संयुग अडून बसलं होतं. त्याचे तीन आलेख जुळेनात. भरभर तापवलं तर पाणी जवळजवळ नाहीच, मध्यम तापवलं तर थोडं, आणि हळू तापवलं तर इतकं, की आत कोणी विहीर खणली असावी.

मी तातडीने एक सिद्धांत रचला. काही संयुगं लाजरी असतात, घाई केली की पाणी दडवतात. राजा पार्क भागातल्या टपरीवर चहा पिताना दोन सहकाऱ्यांना हे असं काही रंगवून सांगितलं, की एकाने माझा हात हातात घेतला आणि दुसऱ्याने स्वतःची कचोरी माझ्याकडे सरकवली.

विद्यार्थिनीने मात्र ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, भरभरवाली वाटी आपण पहिली लावतो ना? मतलब, हळूवाली सगळ्यात शेवटी?"

"हो. यंत्र एकेक वाटी आपोआप उचलतं."

"मग हळूवाली दुपारपर्यंत रांगेत उघडी बसते."

"बसू दे की. कोबाल्टला काय कंटाळा येतो?"

"कूलरसमोर बसते, सर."

खोलीतला एसी बिघडला होता आणि कोणा पुण्यवंताने खिडकीत पाण्याचा कूलर बसवला होता. बाहेर वाळवंट, आत रत्नागिरी. आमचं वाळवलेलं संयुग त्या हवेत पापडासारखं सादळत होतं. जी वाटी जास्त थांबली, ती जास्त पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिने संयुग पुन्हा वाळवलं, वाट्या भरल्या आणि कूलर बंद केला. खोलीत काम करणारी इतर मुलं उठून उभी राहिली.

"मैडम, हम बेहोश हो जाएँगे."

"बाहर जाकर हो जाइए, भैया. यहाँ तराजू हिलेगा."

दुपारी खोलीत आम्ही दोघंच उरलो. माझ्या मते तेव्हा भट्टीचं दार उघडलं असतं, तर गारवा आला असता. ती ओढणीने चेहरा पुसत पडद्याकडे बघत होती. तिसरा आलेख चुकला असता, तर नवं संयुग बनवायला वेळच नव्हता आणि कॉलेजच्या यादीत तिच्यामागे दुसरी उमेदवार होती.

तिसरा आलेख संध्याकाळी संपला. पाणी एकातही नव्हतं. तिन्ही हिशेब एका सरळ रेषेत बसले आणि ऊर्जेचा आकडा इतका सामान्य निघाला, की त्याबद्दल बढाई मारायला मलासुद्धा जागा सापडली नाही.

"सर, सिद्धांताचं काय करायचं?"

"संयुगालाच विचार. लाजरं आहे, बोलायचं नाही."

ती हसली, पण लक्ष प्रबंधात होतं. त्या संयुगाचं सूत्र जिथे जिथे आलं होतं, तिथून ती आम्ही आधी धरलेलं पाणी खोडत होती. पुढच्या आठवड्यात प्रबंध जमा झाला, आणि सत्राच्या पहिल्या सकाळी तिने आमेरची बस पकडली.