जाळायचं की गोठवायचं

"गोठवून केलेला गार जोड टिकत नाही, मॅडम. जाळूनच टाका ती शीर एकदाची."

टेबलापलीकडची डॉक्टरीण हसली नाही. हा मिस्त्री सकाळपासूनचा तिचा अकरावा पेशंट. त्याची बत्तीस वर्षं ग्रिलं, फाटकं आणि जिन्याचे कठडे वेल्डिंग करण्यात गेली होती. आता छाती मधेच उधळायची, मिनिटाला एकशे ऐंशी ठोके. मग हातातलं काम टाकून खाली बसायचं आणि ओसरेपर्यंत वाट बघायची. गोळ्यांवर दोन वर्षं ढकलली, पण माणूस पार पिळून निघाला होता.

"शीर नाही, मिस्त्री. हृदयात विजेची एक वाट जास्तीची आहे. जांघेतून तार नेऊन ती बंद करायची. टोक तापवून केलं तर काम पक्कं. गोठवून केलं तर दहातल्या एखाद्याला दुखणं उलटतं."

"मग गोठवायचं कशाला? पुन्हा इथंच येऊन बसायला?"

"ती वाट मुख्य वाटेला अगदी खेटून आहे. तापवताना मुख्य वाट भाजली, तर पेसमेकर बसवावा लागेल. क्वचितच होतं तसं. पण झालं तर तुमचं वेल्डिंग सुटलं म्हणून समजा, त्या करंटनं पेसमेकर गडबडतो."

मिस्त्रीनं स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"सुटू दे की," शेजारून बायको म्हणाली. "घरी बसून माझं डोकं खा." मग तिचं तिलाच बरं वाटलं नाही. पिशवीचा बंद पिळत बसली.

"आणि गोठवताना नाही बिघडत मुख्य वाट?"

"आधी थोडंच गार करून बघतो. मुख्य वाट अडखळली तर लगेच थांबायचं. ऊब आली की बहुतेक वेळा ती पहिल्यासारखी चालते. जाळलेलं परत येत नाही."

"म्हणजे आधी टाका मारून बघता." मिस्त्री पुढं सरकला. "आम्हीही चौकट एकदम नाही जोडत. कोपऱ्यांना टाके मारायचे, गुण्या लावून कोन बघायचा. वाकडी निघाली तर टाका तोडायचा. हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगू देता का कुणाला?" बायको म्हणाली. "आठवडाभर नुसतं जाळा, जाळा."

गोठवून घ्यायचं ठरलं. ऑपरेशनच्या टेबलावर तो जागाच होता. एकदा मुख्य वाट अडखळली. डॉक्टरिणीनं गार करणं थांबवलं, ठोके जागेवर येऊ दिले, तार केसभर सरकवली आणि पुन्हा सुरुवात केली.

सात महिने बरे गेले. आठव्यात, एका फाटकाचं काम चालू असताना छाती परत उधळली. मिस्त्री उलट्या डब्यावर बसला. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिला चेहऱ्यावरूनच कळलं.

"उलटलं ना?"

"थोडंसंच. पहिल्यासारखं नाही."

"परत करून घ्यायचं?"

"बघू. आधी हे फाटक उद्या द्यायचंय."

चार मिनिटांत ओसरलं. तो पाणी प्यायला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्यानं तोंडापुढं वेल्डिंगची काच धरली.